लस घेऊनही गोवर झाला, मग लस नक्की करते काय?

नेरुळची_अनू
नमस्कार मंडळी. माझा मुलगा पुढच्या आठवड्यात नऊ महिन्यांचा होतोय, म्हणजे एमआरची, गोवर-रुबेलाची लस. आमच्या वरच्या मजल्यावरच्या चार वर्षांच्या मुलीला गेल्या महिन्यात गोवर झाला. रक्ताच्या तपासणीतही गोवरच निघाला. तिच्या कार्डावर नऊ महिन्यांची लस लिहिलेली आहे, दुसरी मात्र राहून गेली होती. तेव्हापासून घरात रोज हाच विषय. सासूबाई म्हणतात, घेऊनही होतोच तर लेकराला कशाला टोचायचं? पेंटाच्या, म्हणजे पाच रोगांच्या एकत्र लसीच्या, वेळी त्याला ताप आला होता, तो त्यांच्या मनातून गेलेला नाही. सासरे म्हणतात, घटसर्प, डांग्या खोकला आता दिसतात तरी कुठे?

मला कुणाशी भांडायचं नाही. पण "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून" एवढंच उत्तर मलाही पुरत नाही. लस शरीरात जाऊन काय करते, आणि घेऊनही रोग झाला तर त्यातून काय समजायचं, हे कुणी नीट सांगेल का?

तर्रीबाज
लस द्याच. सविस्तर सांगणारी माणसं इथे आहेत, मी पहिल्या रांगेत बसून वाचणार आहे. बाळाला आगाऊ शुभेच्छा, आणि रडला तर माझ्याकडून एक कडबोळं.

पेट्रीडिश
नऊ महिन्यांच्या बाळाला कडबोळं देऊ नका हो :)

मी महाप्यात एका लॅबमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाला हात घालते.

गोवराच्या लसीत जिवंत विषाणूच असतो. प्रयोगशाळेत पेशींमध्ये पिढ्यान् पिढ्या वाढवून तो इतका दुबळा केलेला असतो की शरीरात तो थोडाफार वाढतो, पण निरोगी मुलाला आजारी पाडण्याइतका फोफावत नाही. दंडावर त्वचेखाली लस टोचली की तिथल्या डेन्ड्रायटिक, म्हणजे पहाऱ्यावरच्या, पेशी त्याचे तुकडे उचलून काखेतल्या लसिकाग्रंथींमध्ये नेतात. तिथे बी आणि टी या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा प्रचंड साठा असतो, आणि प्रत्येक पेशी जन्मतःच एखादाच आकार ओळखणारी असते. बहुतेकींना या तुकड्यांशी काही घेणं नसतं. ज्या मोजक्या पेशींशी तुकडा जुळतो त्या मात्र विभागू लागतात, एकीच्या हजारो होतात. या वाढीत बी पेशी स्वतःच्या जनुकांत बारीक फेरफार करत जातात. विषाणूला जास्त घट्ट चिकटणारी अँटीबॉडी (विषाणूला पकडणारं प्रथिन) ज्या बनवतात त्या टिकतात, बाकीच्या गळतात. म्हणजे तुमच्या बाळाच्या काखेत दोनेक आठवडे निवड चालू असते, आणि बाहेरून दिसतो तो फार तर थोडा ताप.

काम झालं की यातल्या बहुतेक पेशी मरून जातात. थोड्या उरतात. काही हाडांच्या मगजात जाऊन वर्षानुवर्षं अँटीबॉडी सोडत राहतात, काही स्मृतिपेशी म्हणून शांत फिरत असतात. पुढे कधी खरा गोवराचा विषाणू शिरला, तर त्याला अंगावर पुरळ आणायला साधारण चौदा दिवस लागतात. लस न घेतलेल्या शरीरालाही ओळख पटून तयारी करायला जवळपास तेवढाच वेळ लागतो, आणि त्या काळात विषाणू सगळीकडे पोचलेला असतो. स्मृतिपेशी असतील तर तीच तयारी तीन-चार दिवसांत होते. लस विषाणूला दरवेळी दारातच अडवते असं नाही, वेळेच्या हिशेबात आपल्याला पुढे ठेवते. मला या विषयात सगळ्यात सुंदर वाटते ती हीच गोष्ट.

नेरुळची_अनू
पेट्रीडिश, हे आजवर कुणी असं सांगितलंच नव्हतं. सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग त्या वरच्या मुलीच्या पेशी काय झोपल्या होत्या?"

बालवैद्य_ठाणे
सासऱ्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. माझं क्लिनिक घोडबंदर रोडला आहे आणि हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो.

त्या पेशी जाग्याच झाल्या नसण्याची शक्यता आहे. बाळ पोटात असताना शेवटच्या काही महिन्यांत आईच्या अँटीबॉडी नाळेतून त्याच्या रक्तात येतात. जन्मानंतरचे पहिले महिने बाळाचा बचाव त्याच करतात. पण त्यांना खरा विषाणू आणि लसीतला विषाणू यातला फरक कळत नाही. लस लवकर दिली तर आईच्या अँटीबॉडीच तो दुबळा विषाणू गट्ट करतात आणि बाळाच्या पेशींपर्यंत काही पोचतच नाही. उशिरा द्यावी, तर मधले महिने बाळ उघडं पडतं. आईचं देणं कोणत्या महिन्यात संपेल ते प्रत्येक बाळात वेगळं. आपल्याकडे गोवर लहान वयातच गाठतो, म्हणून नऊ महिने हा मधला मार्ग धरला आहे. या वयात शंभरातल्या साधारण ८५ मुलांना लस लागू होते. उरलेल्या १५ जणांच्या कार्डावर तारीख असते, अंगात संरक्षण नसतं.

म्हणून १६ ते २४ महिन्यांमध्ये दुसरी मात्रा. पुष्कळ पालकांना ती "जोर वाढवायला" वाटते आणि प्रवास, लग्न, सर्दी यांत राहून जाते. तिचं मुख्य काम पहिल्या वेळी सुटलेल्या मुलांना धरणं हे आहे. दोन्ही मात्रा झालेल्या शंभरातल्या ९७ मुलांना संरक्षण मिळतं. भारताच्या सरकारी वेळापत्रकात ही दुसरी मात्रा २०१० पासून येऊ लागली.

त्या मुलीला दुसरी मात्रा राहिली आणि गोवर झाला, यावरून "लस निकामी" असा निष्कर्ष निघत नाही. दुसरी मात्रा का हवी, ते दिसतं. ती आता बरी आहे ना?

नेरुळची_अनू
हो डॉक्टर, बरी आहे. चार दिवस फार हाल झाले, डोळे उघडवत नव्हते. जीवनसत्त्व अ चे डोस दिले होते.

सह्याद्रीवारा
सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. आमच्या पिढीत घरटी सगळ्यांना गोवर यायचा. कडुनिंबाचा पाला उशाशी, ताकभात, आठवड्याभरात पोरं अंगणात. एकदा येऊन गेला की जन्मभर नाही. मग निसर्गाची प्रतिकारशक्ती घेण्यात वाईट काय? दुसरं, रोग कमी झाले ते नळाचं पाणी, संडास आणि चांगलं खाणं यामुळे. श्रेय मात्र लसीला मिळतं. मी लसविरोधी नाही, माझ्या मुलांना सगळ्या दिल्यात. पण प्रश्न विचारायला हवेत.

तलावपाळी
सह्याद्रीवारा यांचा दुसरा मुद्दा मलाही पडलेला प्रश्न आहे. उत्तराच्या प्रतीक्षेत.

कोपरी१९४८
मी कोपरीत जन्मलो आणि वाढलो. अंगणात न परतलेली पोरंही मला आठवतात. आमच्या चाळीत गोवरानंतर न्यूमोनिया होऊन गेलेली एक मुलगी होती. तिच्या आईला पुढे आम्ही कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नाही. जी वाचली त्यांच्याच आठवणी सांगितल्या जातात, कारण सांगायला तीच उरतात.

आणि देवी. आजच्या मंडळींनी देवीचा रोगी पाहिलेला नाही, हे केवढं भाग्य. देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा, माणूस आला की आम्ही मुलं माळ्यावर लपायचो. आई ओढून आणायची. दंडावरचे ते व्रण अजून आहेत. चाळीतल्या एका काकांचा चेहरा देवीनं खडबडून गेला होता आणि एक डोळा गेला होता. भारतातला शेवटचा रोगी १९७५ चा, आणि १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. देवीची लस बंद झाली, कारण रोगच उरला नाही. सह्याद्रीवारा, ७५ साली भारतातल्या किती खेड्यांत नळ आणि संडास होते, तुम्हीच सांगा.

सह्याद्रीवारा
काका, देवीचा मुद्दा मान्य. तुमच्या चाळीतल्या मुलीचं वाचून वाईट वाटलं.

पेट्रीडिश
सह्याद्रीवारा, पाण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो अर्धा मी मनापासून मान्य करते. पटकी, विषमज्वर, कावीळ अ हे पोटातून पसरणारे रोग स्वच्छ पाण्यानं कमी होतात. चांगलं खाणाऱ्या मुलाला गोवर झाला तरी त्याचा जीव जाण्याची शक्यता कमी असते. पण गोवर हवेतून पसरतो. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू त्या हवेत राहू शकतो. त्याला तुमच्या नळाची पर्वा नाही. अमेरिकेत १९६२ मध्ये गोवराच्या ४,८१,५३० रोग्यांची नोंद झाली. १९६३ मध्ये लस आली. १९६८ मध्ये नोंद २२,२३१. त्या सहा वर्षांत अमेरिकेच्या पाण्यात आणि जेवणात असा काय फरक पडला असेल?

"येऊन गेलेला बरा" याबद्दल. गोवर जाताना आणखी एक गोष्ट घेऊन जातो. तो नेमका स्मृतिपेशींमध्ये शिरतो आणि त्यांना मारतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं. आधी झालेल्या इतर आजारांविरुद्ध जमवलेल्या अँटीबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के गायब झाल्या होत्या. म्हणजे गोवराविरुद्ध जन्मभराची शक्ती मिळते, आणि त्या बदल्यात बाकीची कमाई लुटली जाते. लसीनं असं होत नाही.

आणि धनुर्वात बघा. धनुर्वात होऊन वाचलेल्या माणसालाही त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती येत नाही, कारण जीव घ्यायला पुरेसं विष इतकं सूक्ष्म असतं की पेशींना त्याची दखलही लागत नाही. बरा झालेल्या रोग्यालाही लस द्यावी लागते. लसीत ते विष फॉर्मॅलिननं निष्प्रभ करून भरपूर प्रमाणात दिलेलं असतं. इथे निसर्गाची पद्धत चालतच नाही.

गणितपंत
मी शिकवणी घेतो, गोवरातलं काही कळत नाही, पण "लस घेतलेल्यांनाच जास्त होतो" हे व्हॉट्सअ‍ॅपवर सारखं फिरतं म्हणून हिशेब मांडतो.

समजा एका वसाहतीत १००० मुलं आहेत. ९०० जणांनी एकच मात्रा घेतली, १०० जणांनी काहीच नाही. साथ आली आणि संरक्षण नसलेल्या प्रत्येकाला गाठलं. लस घेतलेल्यांपैकी १५ टक्के, म्हणजे १३५ आजारी. न घेतलेले १०० च्या १०० आजारी. दवाखान्याबाहेर उभं राहून मोजलं तर २३५ रोग्यांतले १३५ लस घेतलेले! बातमी तयार. पण ९०० मधले १३५ आणि १०० मधले १०० यात किती फरक आहे? त्या ९०० जणांना दुसरी मात्रा दिली असती तर १३५ चे २७ झाले असते.

अनूताई, सासऱ्यांना कागदावर मांडून दाखवा. जुन्या माणसांना हिशेब पटतो.

तर्रीबाज
गणितपंत, शाळेत तुम्ही असतात तर मी गणितात पास झालो असतो.

खाडीपट्टा
आमी घणसोली गावातले. माझी बायको आशाताई आहे, तिच्याबरोबर फिरून जे बघितलं ते सांगतो.

नोव्हेंबर २०२२ ला गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथं गोवराची साथ आली तेव्हा लोक विचारायचे, मुंबईत एवढ्या लोकांनी लस घेतली, मग साथ कशी? आमच्या लहानपणी इथं खारीची शेती होती. खाडीचा बांध मैलभर चांगला असला तरी एका ठिकाणी खांड पडली की भरतीचं पाणी तिथूनच घुसणार आणि सगळी शेतं खारट करणार. सगळ्या शहराची टक्केवारी चांगली असते, पण लस न घेतलेली मुलं एकाच वस्तीत शेजारी-शेजारी असतात. कामासाठी गाव बदलत राहणारी कुटुंबं, कार्ड हरवलेलं, दिवसाची मजुरी बुडते म्हणून न आलेली आई. रोग तिथूनच शिरतो.

आणि ती माणसं अडाणी म्हणून लस घेत नाहीत असं कुणी समजू नये. बायको संध्याकाळी कामावरून परत यायच्या वेळी जाते, तेव्हा बहुतेक जणी बाळाला घेऊन येतात. वेळ चुकीची असते, माणसं नाही.

बालवैद्य_ठाणे
खाडीपट्टा, वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्या करतात ते काम माझ्या क्लिनिकमध्ये बसून होत नाही.

यालाच जोडून. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवराचा एक रोगी १२ ते १८ जणांना लागण करतो, आणि पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच. म्हणजे आईबापांना कळायच्या आत. त्यामुळे साखळी तोडायला शंभरातले ९५ सुरक्षित लागतात. बाकीच्या पाचात कोण असतं? नऊ महिन्यांच्या आतली बाळं, केमोथेरपी चालू असलेली मुलं. बाळांना एरवी ही जिवंत लस देत नाहीत, केमोथेरपीवाल्या मुलांना तर देताच येत नाही. २०२२ च्या त्या साथीत मुंबईतल्या बाधित भागांत ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही एक जादा मात्रा देण्यात आली. ती नेहमीच्या दोन मात्रांमध्ये धरत नाहीत, कारण आईच्या अँटीबॉडींचा अडथळा त्या वयात जास्त असतो.

तलावपाळी
थोडं अवांतर. रेबीजची लस कुत्रा चावल्यावर घेतात. रोग अंगात शिरल्यावर लस कशी चालते? मागे आमच्या सोसायटीच्या वॉचमनला भटका कुत्रा चावला आणि तो जखमेवर हळद-चुना लावून बसला होता, "पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील" या भीतीनं.

पेट्रीडिश
इथेही वेळेचाच हिशेब. रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेनं मेंदूकडे सरकतो, आणि त्याला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात. तेवढ्यात लसीनं अँटीबॉडी तयार होतात. पाश्चरनं ६ जुलै १८८५ ला नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचली ती याच भरवशावर. पण चावा खोल असेल तर वाट बघायची सोय नसते, म्हणून तयार अँटीबॉडी, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, थेट जखमेत देतात. आणि सगळ्यात आधी साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. हळद-चुना अजिबात नको. पोटातली चौदा इंजेक्शनं मेंढीच्या मेंदूत वाढवलेल्या जुन्या लसीची. ती भारतात कधीच बंद झाली. आता दंडात चार-पाच भेटींत काम होतं. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र जवळजवळ काहीच उपाय उरत नाही, त्यामुळे त्याच दिवशी दवाखाना.

तलावपाळी
वॉचमन आता ठणठणीत आहे, आम्ही त्याच संध्याकाळी घेऊन गेलो होतो. सोसायटीच्या सूचना फलकावर तुमचा हा प्रतिसाद लावू का?

पेट्रीडिश
जरूर लावा.

मोरबे_ते_वाशी
धागा नवी मुंबईचा आहे आणि टायफॉइडचं कुणी काढलं नाही? २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेनं टायफॉइडच्या कॉन्जुगेट लसीची मोहीम घेतली. सरकारी आरोग्य यंत्रणेनं ही लस मोहिमेत देण्याची जगातली ती पहिली वेळ. नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतची मुलं, पहिल्या टप्प्यात शहराच्या अर्ध्या भागातली एक लाखाहून जास्त. माझ्या दोन्ही मुलींनी त्यात घेतली. मला या गोष्टीचा भयंकर अभिमान आहे आणि आपल्याच शहरात कुणाला माहीत नसतं.

नेरुळची_अनू
मलाही माहीत नव्हतं! पण टायफॉइडची लस तर आधीपासून होती ना?

मोरबे_ते_वाशी
होती. तेव्हा मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना हेच विचारलं होतं. टायफॉइडच्या जंतूभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचं आवरण असतं. जुनी लस म्हणजे नुसतं ते आवरण. दोन वर्षांखालच्या मुलांच्या बी पेशी नुसत्या साखरेला दाद देत नाहीत. मोठ्यांच्या देतात, पण टी पेशींना साखर दिसत नाही, त्यामुळे स्मृती तयार होत नाही आणि दर तीन वर्षांनी लस पुन्हा. नव्या लसीत ती साखर एका प्रथिनाला, धनुर्वाताच्या निष्प्रभ केलेल्या विषाला, रासायनिक रीतीनं जोडलेली असते. बी पेशी साखर ओळखून ती जोडी गिळते, प्रथिनाचे तुकडे टी पेशीला दाखवते, आणि टी पेशी तिला मदत करते. बाळांतही चालते आणि टिकते. हिब आणि न्यूमोकॉकस (न्यूमोनिया, मेंदूज्वर आणणारे जंतू) यांच्या लसीही याच युक्तीच्या.

मोहिमेनंतर अभ्यास झाला. लस आधी दिलेल्या भागातल्या मुलांमध्ये टायफॉइडचं प्रमाण, लस न पोचलेल्या भागाच्या मानानं निम्म्याच्या आसपास आलं होतं. मोरबे धरणाचं नळाचं पाणी आहेच, पण पाणी आणि लस दोन्ही लागतात. सह्याद्रीवारा, तुमचा नळ आणि आमची लस, भांडण नाही.

सह्याद्रीवारा
हे वाचून खरंच आनंद झाला. भांडण नाहीच. पण सुरक्षिततेबद्दल कुणी बोलत नाहीये. सगळ्याच लसी शंभर टक्के निर्धोक असतात का?

बालवैद्य_ठाणे
नसतात. आणि हे पालकांना स्पष्ट सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे. एमआरनंतर पाच ते बारा दिवसांत काही मुलांना ताप येतो, थोड्यांना बारीक पुरळ येतं. तापामुळे झटका येण्याचं प्रमाण साधारण तीन हजारांत एक, बघायला भीतीदायक, पण मागे काही ठेवत नाही. तीव्र अ‍ॅलर्जी दहा लाखांत एखाद्याला, म्हणून टोचल्यावर अर्धा तास थांबवतात. पोलिओच्या थेंबांतल्या जिवंत विषाणूमुळे अतिशय क्वचित पक्षाघात होऊ शकतो. इंजेक्शनची पोलिओ लस वेळापत्रकात आणण्यामागे तेही एक कारण.

ऑटिझमचं कुणी विचारायच्या आत सांगतो. लसीनं ऑटिझम होतो असं सुचवणारा १९९८ चा तो शोधनिबंध बारा मुलांवरचा होता, २०१० मध्ये मासिकानं तो मागे घेतला आणि लेखकाचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या यादीतून काढलं गेलं. २०१९ मध्ये डेन्मार्कनं साडेसहा लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमच्या प्रमाणात फरक निघाला नाही.

कोपरी१९४८
परळची हाफकिन संस्था ज्यांच्या नावाची आहे त्यांची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याला एका छोट्या खोलीत प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेनं मारले आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतले. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं गेले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. हाफकिन यांच्यावर ठपका आला. पुढे दिसून आलं की दोष लसीचा नव्हता, बाटली उघडताना गावात झालेल्या हलगर्जीचा होता. पण त्या माणसाची उमेदीची वर्षं त्यात गेली. संस्थेला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये.

सिस्टर_दिघा
काकांनी लिहिलेलं वाचून लिहावंसं वाटलं. मी एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रातली नर्स आहे. लोक चिडतात, "सिस्टर, फ्रीजमध्ये लस आहे आणि तुम्ही बुधवारी या म्हणता." एमआरची लस पावडर असते, द्रावणात मिसळली की चार तासांत वापरायची, उरलेली फेकायची. त्यात जंतू मारणारं औषध नसतं, ते घातलं तर लसीचा विषाणूच मरेल. म्हणून उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी चालत नाही. एका बाटलीत पाच-दहा मात्रा, त्यामुळे ठरलेल्या दिवशी मुलं एकत्र बोलावतो.

बाटलीवर एक गोल आणि आत चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिकट हवा. दोन्ही एका रंगाचे झाले की लसीला उष्णता लागली, ती द्यायची नाही. कुणीही आईनं बाटली दाखवा म्हटलं तर मी आनंदानं दाखवते. पेंटाचं उलटं, ती गोठली की वाया जाते. दोन ते आठ अंश, ना वर ना खाली. वीज गेली की आमचा जीव टांगणीला लागतो.

नेरुळची_अनू
सिस्टर, पेंटानंतरच्या तापाचं सांगाल का? सासूबाईंच्या मनात तोच आहे.

बालवैद्य_ठाणे
सिस्टर ड्यूटीवर असतील, मी सांगतो. पेंटात डांग्या खोकल्याचा अख्खा मारलेला जंतू असतो, ताप मुख्यतः त्याचा. खासगीत मिळणाऱ्या "बिनतापाच्या" लसीत त्या जंतूची निवडक प्रथिनंच असतात. ताप कमी, पण संरक्षणही लवकर ओसरतं.

आणि सासऱ्यांचा "आता दिसतात कुठे" हा प्रश्न अजून कुणी घेतलेला नाही. जपाननं ते अनुभवून पाहिलंय. तिथे १९७४ मध्ये डांग्या खोकल्याचे ३९३ रोगी आणि एकही मृत्यू नाही. त्याच सुमारास लसीच्या दुष्परिणामांच्या बातम्या आल्या, लोक थांबले, १९७६ पर्यंत लस घेणाऱ्या बाळांचं प्रमाण ८० टक्क्यांवरून १० वर आलं. १९७९ मध्ये १३ हजारांवर रोगी आणि ४१ मृत्यू. रोग दिसत नव्हता, कारण लस चालू होती.

नेरुळची_अनू
सगळ्यांचे खूप आभार. गणितपंतांचा हिशेब सासऱ्यांनी स्वतः पुन्हा मांडला आणि "बरोबर आहे" म्हणाले. सासूबाईंना कोपरीच्या काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तर त्यांनी त्यांच्या धाकट्या भावाबद्दल सांगितलं. तो गोवरातच गेला होता, हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. बुधवारी त्याच येणार आहेत बाळाला घेऊन. दोन प्रश्न उरलेत. कार्डावर त्याच दिवशी न्यूमोकॉकसची आणि पोलिओचीही नोंद आहे, एकदम एवढं चालतं का? आणि माझं स्वतःचं लहानपणीचं कार्ड सापडत नाही, मी एमआर घेऊ शकते का?

सिस्टर_दिघा
चालतं, ताई. एमआर उजव्या दंडावर, न्यूमोकॉकसची मांडीत, पोलिओचं इंजेक्शन डाव्या दंडावर, आणि जीवनसत्त्व अ तोंडातून. एका वेळी दिल्यानं कुठलीच लस कमी पडत नाही. कार्ड न विसरता आणा आणि दुसऱ्या मात्रेची तारीख त्याच दिवशी मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

बालवैद्य_ठाणे
तुम्ही घेऊ शकता, आधी घेतलेली असली तरी पुन्हा घेऊन नुकसान नाही. फक्त गरोदर नाही याची खात्री करा आणि त्यानंतर महिनाभर गर्भधारणा टाळा. बाळाला अंगावर पाजत असलात तरी हरकत नाही. वरच्या मुलीच्या आईलाही सांगा, गोवर होऊन गेला तरी रुबेलासाठी तिची राहिलेली मात्रा घ्यायला हवी.

नेरुळची_अनू
संध्याकाळीच वर जाऊन सांगते.